फडावरच्या बाळंतिणीची सोबतीण व्हायचंय? मग आधी एवढं वाचा

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्यात ओटी भरायची, लेकीला घेऊन यायचं, आणि बाळ दीड-दोन महिन्यांचं झालं की सासरी पोचवायचं. पण दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागातल्या वाड्या-तांड्यांवर जाऊन बघा. घराला कुलूप, ओट्यावर म्हातारी, दावणीला एखादी शेळी. लेक सासरच्या ऊसतोड टोळीबरोबर गोदाकाठच्या उसाच्या फडावर, आणि तिची आई तिकडं कर्नाटकात दुसऱ्याच कारखान्याला. माहेरच ऊस तोडायला गेलेलं असताना लेकीनं जायचं कुठं?

या बायांच्या बाळंतपणात सोबत थांबायला ज्या नव्यानं येणार आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी चार-पाच हंगाम हे काम करते. डॉक्टर नाही, नर्स नाही. परदेशात अशा बाईला डौला म्हणतात. मूळ शब्द ग्रीक, अर्थ सेवा करणारी. युद्धामुळं देश सोडून आलेल्या, दुसऱ्या देशात आसरा मागणाऱ्या गरोदर बायांसोबत तिकडं अशा स्वयंसेवी डौला थांबतात. आमच्या ऊसतोड बाईला कुणी निर्वासित म्हणणार नाही, ती आपल्याच राज्यात असते. पण दवाखान्याच्या खिडकीपाशी तिची गत तीच होते: गरोदरपणाचं कार्ड गावाकडं, ओळखीचं कुणी नाही, आणि समोरून उत्तर, "तुमच्या गावच्या आशाताईला विचारा." आम्ही डौला वगैरे म्हणत नाही. सोबतीण म्हणतो.

आपलं काम कोणतं

सोबतीण औषध देत नाही, नाडी बघत नाही, आतून तपासणीच्या वाटेला तर जातच नाही. पोटाला तेल लावून बाळ "फिरवणं", कळ आली की पोटावर वरून दाब देणं, असलं जे काही आपण आजीकडून ऐकलेलं असतं ते घरी ठेवून यायचं. आपण फक्त जवळ थांबायचं. ऐकायला सोपं आहे. रात्री तीन वाजता, चौदाव्या तासाला, बसायला स्टूल नसताना नुसतं थांबणंच जड जातं.

नुसतं थांबून काय होतं, असं घरचे विचारतील. 2017 साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेच्या अभ्यासकांनी सतरा देशांतल्या 26 चाचण्या एकत्र तपासल्या, पंधरा हजारांवर बायांच्या. ज्यांच्याजवळ शेवटपर्यंत कुणीतरी होतं त्यांची सिझेरियन कमी झाली आणि कळांचा काळही थोडा आखडला. जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून प्रत्येक बाईला तिच्या पसंतीची सोबत मिळावी म्हणते. आपल्या केंद्र सरकारनं तर 2016 मध्येच सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबत ठेवायला परवानगी दिली. त्यातल्या अटी पाठ करून ठेवा, कारण दारावर त्याच विचारल्या जातात: सोबतीणीनं स्वतः बाळंतपण अनुभवलेलं असावं, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, आणि तिनं डॉक्टर-सिस्टरच्या कामात लुडबूड करू नये. बिनलग्नाच्या पोरी आमच्यात येतात त्यांना म्हणूनच आधी फडावरचं काम, कागदपत्रं, गाडी हे देतो. त्यांना वाईट वाटतं. पण रात्री दारावरून परत पाठवलं तर बाई एकटी पडते, त्यापेक्षा हे बरं.

फडावर कधी आणि कसं जायचं

एकटं जाऊ नका. पहिल्यांदा त्या गावच्या आशाताईबरोबर जा. टोळी आपल्या गावची नसली तरी फड त्यांच्या हद्दीत असतो, आणि त्यांच्या तोंडओळखीनं अर्धं काम होतं. सकाळी जाऊन उपयोग नाही. माणसं पहाटे अंधारातच उसात शिरलेली असतात आणि कोप्यांपाशी, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपड्यांपाशी, फक्त बारकी लेकरं आणि त्यांना सांभाळणारी आठ-नऊ वर्षांची बहीण. संध्याकाळी चुली पेटल्या की जा. तरी खात्री नाहीच. गाडी भरायला रात्री-अपरात्री आली की सगळे पुन्हा फडात.

मुकादमाला, म्हणजे मजूर जमवून टोळी चालवणाऱ्याला, टाळून काही करायचा विचार सोडून द्या. मी पहिल्या वर्षी तो केला आणि आठवडाभर टोळीनं माझ्याशी शब्द बोलला नाही. सरळ जाऊन विचारायचं, "मुकादम, तुमच्याकडं दोन जिवाच्या बाया किती?" तो चटकन आकडा सांगतो. त्याला माहीत असतंच, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल, म्हणजे हंगामाआधीचे आगाऊ पैसे, दोघांच्या जिवावर घेतलेली, आणि बाई बसली की कोयता अर्धा. खाडा झाला तर पैसे कापतात, म्हणून ती नवव्या महिन्यातही डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते. हे बघून तुमचं डोकं फिरेल. पण फडावर भांडण काढू नका. तुम्ही घरी जाता, ती तिथंच राहते. मुकादमाकडून मागायची ती एकच गोष्ट: महिन्याच्या 9 तारखेला अर्धा दिवस. त्या दिवशी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात डॉक्टर गरोदर बायांना फुकट तपासतात. अर्धा दिवस म्हटलं की बहुतेक मुकादम कुरकुर करत का होईना हो म्हणतात.

बाईशी बोलताना आधी सासू असेल तर सासूपाशी बसायचं. "मावशी, चहा टाकता का" म्हणून आपणच मागायचं. बिनसाखरेचा का असेना, प्यायचा. (उसाच्या फडात बिनसाखरेचा चहा, हे मला अजून पचलेलं नाही.) लमाण टोळी असेल तर गोरमाटी बोलणारी बाई सोबत हवीच. त्यांना मराठी छान येतं म्हणून आपण गाफील राहतो, पण कळ वाढली की शिकलेली भाषा गळून पडते. एकदा रात्रभर एक पोरगी "याडी, याडी" करत होती आणि सिस्टर मला विचारत होत्या, हिला काय पाहिजे? याडी म्हणजे आई.

महिने मोजा, वय विचारा

तारीख कुणी सांगत नाही, सण सांगतात. "होळीच्या टायमाला आली होती, मग नाही आली." मग आपण हिशेब करायचा: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून नऊ महिने आणि वर सात दिवस. 2025 ची होळी 13 मार्चला होती, म्हणजे अंदाजे 20 डिसेंबर. त्याच्या दोन आठवडे आधी आणि दोन आठवडे नंतर तुमचा फोन रात्री उशाशी असला पाहिजे. सोनोग्राफीचा कागद असेल तर त्यावरची तारीख धरा, आपला हिशेब बाजूला.

मग विचारायचं: हे कितवं? आधीचं सिझर होतं का? आधी कधी रक्त जास्त गेलं, झटके आले, लेकरू गेलं? रक्त किती? हिमोग्लोबिन 11 च्या खाली म्हणजे कमी, 7 च्या खाली म्हणजे गंभीर. अशा बाईला जवळच्या उपकेंद्रात नाही, रक्ताची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यातच न्यायचं, आणि ते आत्ताच ठरवायचं. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात 180 दिवस आणि बाळंतपणानंतर तितकेच दिवस घ्यायच्या असतात. बऱ्याच जणींच्या गोळ्या गावाकडं राहिलेल्या असतात, त्या इथल्या उपकेंद्रातून मागून द्या.

वयाचं अवघड आहे. आपल्या भागात पोरींची लग्नं लवकर होतात, कधी कोयता जुळवायलाच होतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पोक्सो या बाललैंगिक अत्याचारविरोधी कायद्यानं दवाखान्याला पोलिसांना कळवावंच लागतं. "कुणाला कळणार नाही" असं वचन तिला किंवा सासूला कधीही देऊ नका. आणि त्या भीतीनं ते तिला दवाखान्यात नेणारच नाहीत, हेही धरून चाला. अशा वेळी मी आधी आमचं काम बघणाऱ्या ताईंशी बोलते, स्वतःच्या मनानं ठरवत नाही. तुम्हीही तसंच करा.

कागदांची पिशवी

एक जाड प्लास्टिकची पिशवी, कोपीच्या आढ्याला टांगलेली. आत माता-बाल संरक्षण कार्ड, आधार, बँक पासबुकाची झेरॉक्स, सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट. प्रत्येकाचा फोटो तुमच्या फोनमध्ये, तिला विचारून. कार्ड गावाकडं राहिलं असेल तर गावच्या आशाताईला फोन करून फोटो मागवा. कार्ड नाही म्हणून सरकारी दवाखान्यात बाळंतपण अडत नाही. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि गाडी सगळं फुकट आहे. साध्या बाळंतपणाला तीन दिवस जेवण, सिझरला सात. ती कुठल्या तालुक्याची आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. हे वाक्य शांतपणे, हात जोडून म्हणायची सवय करा.

पैशाच्या योजना वेगळ्या. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या, अनुसूचित जाती-जमातींच्या बाईला ग्रामीण भागात 700 रुपये मिळतात. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळाला 5000, दुसरी मुलगी झाली तर 6000. अर्ज भरायला मदत करा, पण "मिळतील" असं छातीठोक सांगू नका. खातं बंद, आधार जोडलेलं नाही, नाव माहेरचं, अशा शंभर भानगडी असतात.

गाडी

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथंच झाली.

पहिल्या हंगामातली गोष्ट. रात्री साडेअकराला फोन आला, मी 108 ला लावला आणि पत्ता सांगितला, "कारखान्याच्या मागं, कॅनॉलच्या कडंला." चालकानं विचारलं, "ताई, कॅनॉल काय एका जागी असतो का?" खरं होतं. त्यातून ती ट्रकवाली टोळी, दोन दिवसांपूर्वीच दुसऱ्या फडावर हललेली, आणि मला ठाऊक नाही. शेवटी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पाचटावर गोधडी टाकून निघालो आणि डांबरीला लागायच्या आधीच बाळ झालं. दोघंही सुखरूप राहिली, त्यात माझी हुशारी काही नाही.

तेव्हापासूनची पद्धत सांगते. टोळी बैलगाडीवाल्या गाडीवानांची असेल तर तळ हंगामभर कारखान्याजवळ एकाच जागी असतो, पत्ता बदलत नाही. ट्रक-ट्रॅक्टरवाली टोळी फडामागं फिरते. तिच्याकडं दर आठवड्याला फोन करून ठिकाण विचारायचंच. शेतमालकाचं नाव, गट नंबर, जवळची शाळा किंवा देऊळ, आणि डांबरी रस्ता कुठं सोडायचा, हे चार मुद्दे कागदावर लिहून एक प्रत मुकादमाकडं, एक पिशवीत. फोनवर लोकेशन पाठवता येत असेल तर उत्तमच. काळ्या रानात अवकाळी पाऊस झाला की ॲम्ब्युलन्स आत येऊच शकत नाही, म्हणून डांबरीपर्यंत कुणाचा ट्रॅक्टर येणार हेही आधी ठरवायचं. गरोदर बाईसाठी 102 ची गाडी असते, तातडीला 108. दोन्हीकडं फोन लागला नाही तर गावातली एक जीप आणि तिच्या चालकाचा नंबर.

आणि वाटेत बाळ झालंच तर? ओढाओढ करायची नाही. बाळ कोरड्या फडक्यानं पुसून आईच्या उघड्या छातीवर, वरून कोरडं पांघरूण. नाळ ब्लेडनं, कोयत्यानं, कशानंच कापायची नाही. वार ओढायची नाही. तसंच दवाखान्यात जायचं.

कळा सुरू झाल्यावर

पहिलटकरीण असेल तर कळा साधारण पाच मिनिटांना एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं की निघायचं. दुसरं-तिसरं असेल तर इतकं थांबायचं नाही. फडापासून दवाखाना लांब असेल तर कुणासाठीच थांबायचं नाही. पाणी गेलं, रक्त दिसलं, बाळाची हालचाल कमी वाटली, डोकं फार दुखून डोळ्यांपुढं अंधारी आली, झटका आला, ताप आला, तर कळा असोत नसोत, लगेच निघायचं.

दवाखान्यात पोचल्यावर पहिलं वाक्य सिस्टरशी. "सिस्टर, मी हिच्यासोबत आहे. तुमच्या कामात येणार नाही, मला कुठं थांबायचं सांगा." एवढ्यानं निम्मी दारं उघडतात. सिस्टर एकट्या असतात, चार बाया एकदम आलेल्या असतात. आपण त्यांचं एक काम कमी करतोय असं त्यांना दिसलं पाहिजे. म्हणजे पाणी पाजणं, लघवीला नेणं, हे आपणच करायचं. दर दोन तासांनी लघवीला नेलं की बाळाला खाली यायला जागा होते, आणि हे सगळ्यांच्याच ध्यानातून जातं.

हात लावायच्या आधी तिला विचारा. काहींना कंबर दाबलेली आवडते: कळ आली की माकडहाडाच्या वर तळहातानं घट्ट दाबून धरायचं, कळ ओसरली की सोडायचं. काहींना हातच नको असतो, मग नुसतं शेजारी बसायचं. चालू देत असतील तर चालवा, नाहीतर डाव्या कुशीवर. श्वास लांब सोडायला सांगताना आपणही सोडायचा, ती बघून करते. "ओरडू नको", "असं काय करतीस, सगळ्या बायांना होतं" ही दोन वाक्यं तुमच्या तोंडून येता कामा नयेत. "गेली बघ ही कळ, आता जरा टेक," एवढं पुरतं.

कधी कुणी तिच्यावर खेकसतं, कधी मांडीवर चापट बसते. मी हे बघितलंय. कुठं, ते इथं सांगत नाही. त्या क्षणी वाद घातला तर आपल्याला बाहेर काढतात आणि ती एकटी राहते. मी तिच्या डोक्यापाशी जाऊन, खेकसणाऱ्याकडं न बघता, तिच्याशीच मोठ्यानं बोलत राहते: "मी आहे इथंच. बरोबर करायलीस तू." बहुतेक वेळा समोरचा आवाज आपोआप खाली येतो. तक्रार करायची ती दुसऱ्या दिवशी, तिला विचारून, लेखी.

बाळ झाल्यावर

पहिल्या तासात बाळ छातीला. चीक काढून टाकायचा नाही, तोच पहिला डोस. मध नाही, गुळाचं पाणी नाही, घुटी नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. सासूला हे सांगायचं तर "मावशी, तुमच्या वेळचं वेगळं होतं" असं चुकूनही म्हणू नका. "डॉक्टरनं मनाई केलीय" म्हणा, चालतं. बीसीजी, पोलिओ आणि काविळीची लस दवाखान्यातून निघायच्या आधीच द्यायची असते, त्यातली काविळीची 24 तासांच्या आत.

साध्या बाळंतपणानंतरही 48 तास तिथं राहायचं असतं. इथंच ओढाताण होते. नवऱ्याचे फोन येतात, गाडी भरायचीय, लेकरं एकटी आहेत. मी नवऱ्याला बोलावून घेते आणि एकच सांगते: घरी गेल्यावर तासाभरात एक जाड घडी रक्तानं भिजली तर तुझ्या कोपीपासून दवाखाना किती लांब आहे? तो मनात अंतर मोजतो आणि गप्प बसतो. परत जायला गाडी फुकट आहे, तीही मागून घ्या.

कोपीत जानेवारीची थंडी कडक असते. बाळाला आंघोळ नको, टोपडं-मोजे घालून आईच्या अंगाशी. शेकशेगडी, धुरी हा जीव की प्राण असतो बाळंतिणीचा, पण पाचटाच्या कोपीत शेगडी म्हणजे आगीला आवतण, आणि धुरानं बाळ कोंडतं. नाळेला काही लावायचं नाही, राखही नाही. फडाच्या हद्दीतल्या आशाताईनं 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी बाळ बघायला यायचं असतं. त्यांना तारखा आणि टोळी कुठं हलली ते कळवत राहा.

पाचवीला शक्य झालं तर जा. सटवाई त्या रात्री बाळाचं नशीब लिहायला येते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. कोपीत कुठली लेखणी? एका वर्षी मी माझा पेन दिला. तो परत मागायचा नसतो हे मला नंतर कळलं, तेव्हापासून पर्समध्ये दोन ठेवते.

जन्माची नोंद, आणि टोळी निघताना

जन्माची नोंद जिथं जन्म झाला तिथंच होते, गावाकडं नाही, आणि 21 दिवसांच्या आत ती फुकट होते. टोळी हलली की दाखल्यासाठी दोनशे किलोमीटर परत कोण येणार? म्हणून दवाखान्यातून निघतानाच आई-बापाची नावं आधारप्रमाणं लिहिलीत का ते तपासा. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या लेकराला शाळेपासून सगळीकडं हाच दाखला लागणार आहे. एका अक्षराची चूक पुढं किती नडते हे मास्तर लोकांना विचारा.

पट्टा पडायच्या, म्हणजे हंगाम संपायच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, शेवटची फेरी मारा. बाळाच्या दीड महिन्याच्या लसी झाल्या का, पुढच्या कधी, हे कार्डावर बघा आणि गावच्या आशाताईला आपण स्वतः फोन करा. तिचा नंबर कार्डाच्या पाठीवर पेनानं, मोठ्या आकड्यांत. कुणी "आता गर्भपिशवी काढून टाक, कटकट मिटेल" असं तिला सांगितलं असेल तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नको, हे तिला एकटीला गाठून सांगा. 2019 मध्ये बीडच्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांवरून विधिमंडळात प्रश्न आला आणि चौकशी समिती नेमावी लागली होती, ती काही उगाच नाही.

फोटो स्टेटसला टाकू नका. उसने पैसे देऊ नका, मुकादमाला तर नाहीच. आणि तिच्या नवऱ्याचा नंबर घेतलात तरी मे महिन्यात तो हमखास बंद लागतो. मुकादमाचा घेऊन ठेवा. तो कधीच बंद नसतो, पुढच्या हंगामाची उचल वाटायची असते ना.